जन्मगाव ॲन आर्बर

ॲन आर्बर, १९ मे २०२५

प्रिय सुनू,

हिमानीने तिच्या लॅपटॉपवर तुझा शपथविधी दाखवला. हिमानी म्हणजे दोन बस स्टॉप पलीकडे राहणारी आपल्या नागपूरचीच मुलगी. युनिव्हर्सिटीत रिसर्च करते आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येते. तू हिरवी साडी नेसली होतीस. ऑस्ट्रेलियाच्या मंत्रिमंडळात सुचित्राची मुलगी! सहायक मंत्री का असेना, मंत्रीच. मला आता ऐकू फार कमी येतं, फोनवर मी नुसती हो-हो करते आणि समोरचा वैतागतो. म्हणून पत्र लिहिते आहे.

एक गोष्ट तुला आता सांगायला हरकत नाही. तू जन्मलीस इथे, ॲन आर्बरला. फेब्रुवारी ७९, मीच तुझ्या आईला हॉस्पिटलात नेलं. तुझे वडील, अनिलराव, येऊ शकले नाहीत, त्यांची त्याच दुपारी प्रोफेसरांबरोबर शेवटची मीटिंग होती. तू जन्मलीस आणि त्यांची पीएच.डी. बुडाली, एकाच दिवशी. चार महिन्यांच्या तुला घेऊन ते दोघं नागपूरला परतले, आणि अनिलरावांसमोर अमेरिकेचं नावही काढायचं नाही असं सुचित्राने मला बजावलं. मी शेहेचाळीस वर्षं शब्द पाळला. आता दोघंही गेले, तेव्हा तुला कळायला हवं. तुला पहिली आंघोळ मी घातली आहे.

मी बरी आहे. एक्याऐंशी पूर्ण झाली. अजून स्वतः गाडी चालवत फार्मर्स मार्केटला जाते. निमिषचं मात्र सुरू आहे, हे घर विकून पश्चिम किनाऱ्यावर त्याच्याजवळ बॉथेलला ये म्हणून. गेल्या हिवाळ्यात मी एकदा शेगडी चालू ठेवून बाहेर गेले, तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाक्यात तो विसराळूपणा शोधतो. मुलगा वाईट नाही, घाबरट आहे. पण या घरात मी पन्नास वर्षं राहिले, इथून मी आपणहून हलणार नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटसाठी तुझ्यावर एक पान लिहून दे असं हिमानी म्हणते आहे. लिहिणार आहे.

तुझी कृष्णामावशी

*

कॅनबेरा, १० जून २०२५

मावशी,

तुझं पत्र काल मिळालं. ते पान लिहू नकोस. लिहिलं असलंस तर देऊ नकोस. हे कुरियरने पाठवते आहे, कारण माझ्या ऑफिसच्या ईमेल इतर लोकही वाचतात आणि फोनवर तुला ऐकू येणार नाही.

कारण सांगते. आमच्या घटनेत एक कलम आहे. ज्याच्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आहे त्याला संसदेवर निवडूनच येता येत नाही. मला माहीत नव्हतं, ही सबब कोर्ट ऐकत नाही. काही वर्षांपूर्वी याच एका कलमापायी चांगले चांगले खासदार एकामागून एक घरी गेले. आणि अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकेचं नागरिक असतं, त्याने मागितलेलं असो वा नसो. माझ्या बर्थ सर्टिफिकेटवर नागपूर लिहिलं आहे. तेच मी प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक निवडणुकीत, सही करून लिहिलं.

मी इथवर कशी आले ते तुला आईने सांगितलं असेल तेवढंच माहीत असणार. चोविसाव्या वर्षी मेलबर्नला नर्सिंग शिकायला आले. आठ वर्षं वृद्धाश्रमात काम केलं. तिथे एक बाई रोज सकाळी पर्स घेऊन दाराशी उभी राहायची आणि मला म्हणायची, मला कुणी विचारलंच नाही. तिच्यासाठी मी आधी युनियनमध्ये गेले, मग नगरपालिकेत. संसदेची पहिली निवडणूक हरले. दुसरी सहाशे अकरा मतांनी जिंकले. आता माझ्याकडे वृद्धसेवेचं खातं आहे आणि पुढच्या अधिवेशनात माझं विधेयक येतं आहे. म्हाताऱ्या माणसाला घरातून हलवण्याआधी त्याचं म्हणणं स्वतंत्र माणसाने ऐकलंच पाहिजे, असा कायदा. याची मी वीस वर्षं वाट पाहिली.

तुझी आठवण नक्की आहे ना? काही कागद आहे? आणखी कुणाला माहीत आहे?

सुनेत्रा

*

ॲन आर्बर, १८ जून २०२५

सुनू बाळ,

मला काय माहीत गं. आनंदाच्या भरात लिहून गेले.

आठवण नक्की आहे. कागदही आहे, हॉस्पिटलचा आणि इथल्या काउंटीचा. तुझ्या आईने तो नागपूरला नेला नाही, माझ्या कपाटातच ठेवला. जाताना तिच्या पासपोर्टवर तुझं नाव चढवलं होतं. पुढे शाळेत घालायच्या वेळी दाखला हवा होता, तेव्हा आमच्या दादांनी ओळखीने नागपूरचा करून आणला. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अनिलरावांना तर तेच हवं होतं.

पान लिहून झालं होतं, वेबसाइटवरही गेलं होतं. तुझं पत्र आल्याबरोबर मी हिमानीला काढायला लावलं. का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सुनूला प्रसिद्धी आवडत नाही. मंत्रीण आणि प्रसिद्धी आवडत नाही! तिला ते पटलं नाही, पण पान काढलं. आठ दिवस ते तिथे होतं.

एक सांगू? तू स्वतःच उभी राहा आणि सांग. तुला माहीत नव्हतं, यात तुझा काय दोष? लोक वेडे नसतात. पुन्हा निवडणूक होईल, पुन्हा उभी राहा. आज सांगितलंस तर ती चूक तुझ्या आईवडिलांची. उद्या सांगितलंस तर तुझी.

मावशी

*

कॅनबेरा, २ जुलै २०२५

मावशी,

उशीर झाला. त्या आठ दिवसांत मेलबर्नच्या कुणीतरी तुझ्या पानाचा फोटो काढून मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो एका पत्रकार बाईच्या हाती लागला. तिने कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं आणि मला लेखी विचारलं. उत्तर द्यायला मला दोन तास होते.

मी लिहून दिलं की माझी मावशी वयस्कर आहे, तिची स्मृती आता साथ देत नाही, आणि दुसऱ्याच कुणाच्या बाळंतपणाची आठवण तिने माझ्या नावावर लावली आहे.

लिहिलं तेव्हा मला तुझा चेहरा दिसत होता. तरी लिहिलं. तुझं म्हणणं खरं आहे, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सहाशे अकरा मतं, मावशी. पुन्हा निवडणूक झाली तर ही जागा जाते आणि जागेबरोबर विधेयक जातं. दुसरं कुणी ते पुन्हा हातात घेणार नाही.

ती बाई तुझ्याशी बोलणार आहे. तू फक्त दोन ओळी लिहून दे, की माझा घोटाळा झाला, हल्ली आठवत नाही. कपाटातला कागद मला पाठवून दे किंवा जाळून टाक. आयुष्यात मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागणं म्हण, भीक म्हण.

सुनेत्रा

*

ॲन आर्बर, ९ जुलै २०२५

सुनू,

दिलं लिहून. नक्कल सोबत आहे. ‘माझं वय झालं आहे, माझ्या आठवणींचा घोटाळा होतो, भाचीच्या जन्माविषयी मी लिहिलेलं खरं नाही.’ पत्रकार बाईने व्हिडिओ कॉल केला. तिचे प्रश्न हिमानीने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवले आणि मी उत्तरं दिली. बाई बोलायला फार मायाळू होती. शेवटी म्हणाली, काळजी घ्या.

कागद जाळला नाही. या पाकिटात आहे. जाळायचा तर तू जाळ.

हिमानी मात्र फार घाबरली. मी विसरते हे तिला माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळलं, म्हणून तिने निमिषला फोन केला. तिचं चुकलं नाही, कुणीही केला असता. तो शनिवारी येतो आहे. डॉक्टरांकडे जायचं म्हणतो. बघू. तू तुझ्या कामाकडे लक्ष दे.

मावशी

*

कॅनबेरा, ७ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

जिंकलो. विधेयक काल आमच्या सभागृहात पास झालं. आता वरचं सभागृह राहिलं. पत्रकार बाईने विषय सोडून दिला, तुझ्याशी बोलल्यावर तिला वाईट वाटलं म्हणे. मतदान झालं तेव्हा गॅलरीत व्हीलचेअरवरची म्हातारी माणसं रडत होती. मी पण रडले. तुझ्याशिवाय हे झालं नसतं.

त्या पाकिटानंतर तुझं पत्र आलं नाही. निमिष येऊन गेला ना? डॉक्टरांनी त्याला समजावलं असेलच. डिसेंबरमध्ये मी तिकडे येणार आहे, तुझ्या हातची पुरणपोळी खायला. लवकर लिही.

तुझी सुनू

*

ॲन आर्बर, १९ ऑगस्ट २०२५

सुनेत्राताई,

मी हिमानी. तुमचं पाकीट कृष्णाकाकूंच्या लेटरबॉक्समध्ये होतं, म्हणून पत्ता मिळाला. ते मी उघडलं नाही, त्यांच्याकडे फॉरवर्ड केलंय.

तुम्हाला कुणी कळवलं नसेल असं वाटतं. काकू आता इथे राहत नाहीत. निमिषदादाने जुलैमध्ये त्यांची मेमरी टेस्ट करवली, त्यात फार कमी मार्क आले. त्यांनी पेपरसाठी लिहून दिलेला कागद डॉक्टरांना दाखवला होता. दादाकडे पॉवर ऑफ ॲटर्नी आधीपासूनच होती. दहा दिवसांत त्याने त्यांना बॉथेलला नेलं, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये. घराला विक्रीचा बोर्ड लागलाय, ऑफरही आलीय.

ताई, तीन वर्षं मी रोज त्यांच्याकडे जात होते. माझ्या थीसिसची डेडलाइन मी विसरायचे आणि त्या आठवण करून द्यायच्या. जाताना त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या. दाराची चौकट धरून उभ्या होत्या. दादा रडत होता आणि त्यांची बोटं सोडवत होता. मी बघत होते, कारण फोन मीच केला होता. मला हे सहन होत नाहीये.

मी दादाला म्हटलं, काहीतरी चुकतंय. तो म्हणाला, She said it herself. तुम्ही मंत्री आहात, घरच्या आहात, तुमचं तो ऐकेल. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही एवढं तुम्ही सांगू शकाल का?

हिमानी

*

कॅनबेरा, २८ ऑगस्ट २०२५

मावशी,

हिमानीचं पत्र आलं. मी निमिषला फोन केला. म्हटलं, तिची बुद्धी शाबूत आहे, पुन्हा टेस्ट कर. तो शांतपणे म्हणाला, सुनेत्रा, तिची मेमरी गेली आहे असं त्या पत्रकार बाईला तूच लिहून दिलंस, मग आता कशावरून म्हणतेस? माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं नाही. फोन ठेवला.

तुझी शेगडी, तुझा मुलगा, तुझं घर, सगळं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते पत्र निदान वीस वेळा वाचलं असेल, दरवेळी फक्त माझ्याबद्दलचा मजकूर वाचला.

वरच्या सभागृहात मतदान सप्टेंबरच्या शेवटी आहे. तेवढे चार आठवडे काढशील का? मग मी सगळं सांगेन. हे मी तुला विचारते आहे याची मला लाज वाटते.

सुनेत्रा

*

बॉथेल, ८ सप्टेंबर २०२५

सुनू,

पेन मागून घ्यावं लागतं इथे, म्हणून थोडक्यात लिहिते.

जागा स्वच्छ आहे. दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. ते आकडे आम्हाला सांगत नाहीत. माझ्या कपाटावर कपड्यांची चित्रं चिकटवली आहेत. रोज सकाळी एक मुलगी विचारते, आजी, आज वार कोणता? मी सांगते. ती टाळ्या वाजवते. जेवायला माझ्या शेजारी एक बाई बसतात, त्या मला त्यांची बहीण समजतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना दुरुस्त करत होते. आता ओ देते.

टेस्टचं सांगते. डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाचही आठवत होते. पण तिथेच टेबलावर माझा तो कागद पडला होता आणि निमिष समोर बसला होता. सगळं बरोबर सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग आई, हे असं का लिहून दिलंस? मला खोटं रचता येत नाही. म्हणून तीन शब्द गिळले. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तेही वाकडं काढलं. मला वाटलं, फार तर गोळ्या देतील.

निमिष रोज येतो. ऑफिस सुटलं की येतो, माझा हात धरून बसतो आणि लहानपणीच्या गोष्टी सांगतो, मला आठवतात का ते बघायला. मला आठवतात. मी गप्प बसते. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हे मी माझ्या मुलाला करते आहे, सुनू.

तुझे चार आठवडे काढावेत असं ठरवलं होतं. पण काल सकाळी त्या मुलीने वार विचारला आणि मला पटकन सांगता आला नाही. खरंच आला नाही. इथे सगळे वार सारखे असतात.

मी तुला हे मागणार नव्हते. मला इथून बाहेर काढ.

मावशी

*

कॅनबेरा, १८ सप्टेंबर २०२५

मावशी,

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. मंगळवारी सकाळी मी सभागृहात उभी राहिले.

आधी आमच्या नेत्यांकडे गेले होते. ते म्हणाले, मतदान दहा दिवसांवर आलंय, तेवढं थांब. मीही तुला तेच म्हणाले होते, ते ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला. मी थांबले नाही. सभागृहात मी कागद वर धरला आणि म्हटलं, मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला जन्मले. हे मला जूनमध्ये कळलं आणि मी लपवलं. माझ्या मावशीची स्मृती उत्तम आहे. ती गेली आहे असं तिने माझ्या सांगण्यावरून लिहिलं, आणि त्यामुळे आज ती कुलपाआड बसली आहे. म्हाताऱ्या माणसांचं ऐकून घ्या असा कायदा मी आणते आहे आणि मी माझ्याच मावशीला खोटं बोलायला लावलं. एवढं बोलून बसले. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खासदारकीचा राजीनामा दिला. पोटनिवडणूक होईल. अमेरिकेचं नागरिकत्व सोडून मी पुन्हा उभी राहू शकले असते, पण पक्षाने कळवलं, तुला तिकीट नाही. जूनमध्ये सांगितलं असतंस तर आम्ही तुझ्यामागे उभे राहिलो असतो, असं नेते म्हणाले. तू हेच म्हणाली होतीस. विधेयकाचं मतदान पुढे ढकललं. कधी होईल सांगता येत नाही. माझं नाव त्यावर नसेल हे बरंच आहे.

निमिषला मी काल सगळं लिहून कळवलं. तुझी सगळी पत्रं स्कॅन करून पाठवली, टेस्टबद्दलचं सुद्धा. त्याने फोन केला. म्हणाला, मी तिची बोटं दारावरून सोडवली होती. एवढंच म्हणाला. तो आज तुला घ्यायला येतो आहे.

मला माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही. तरी लिहिते. तिकडे यायची परवानगी देशील?

सुनेत्रा

*

ॲन आर्बर, २६ ऑक्टोबर २०२५

सुनू,

उत्तराला महिना लागला. सामान लावत होते.

निमिषने मला आधी स्वतःच्या घरी ठेवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा टेस्ट घेतली, या वेळी मी काही गिळलं नाही. स्मृती माझ्या वयाला शोभेल अशी आहे म्हणाले. घर वाचलं नाही. कागद झाले होते, नवी माणसं राहायला आली होती. निमिषने त्यांना परत विकायला विनवलं. त्यांना दोन लहान मुलं आहेत, ते कशाला हलतील? मीच त्याला म्हटलं, पुरे. आता हिमानीच्या बिल्डिंगमध्ये एक खोली भाड्याने घेतली आहे. पॅकार्ड रोडची बस समोरच थांबते. पहिल्या आठवड्यात मी दोनदा सवयीने जुन्या घराशी उतरले. घर विसरले म्हणून नाही, आठवलं म्हणून.

निमिष आणि मी बोलतो. तो दर रविवारी फोन करतो आणि मी व्हिडिओवर त्याचे ओठ बघते. सॉरी म्हणायचं तो थांबवत नाही, आणि मला त्याला सांगायला लागतं की फसवलं मी, तू नाही. आई मुलाला असं फसवते हे त्याला अजून समजत नाही. मलाही नाही.

तुझं भाषण हिमानीने दाखवलं. मला ऐकू आलं नाही, खालची अक्षरं वाचली. तू खरं बोललीस, त्याने तुझं सगळं गेलं, हे मला दिसतं. मला त्याचा आनंद नाही.

माफ केलं, असं लिहायला मी तीनदा बसले. तिन्ही कागद फाडले. तुझ्यासाठी मी एकदा खोटं लिहिलं आहे, सुनू. पुन्हा लिहिणार नाही. ते खरं होईल त्या दिवशी लिहीन, आणि त्या दिवसाची तुझ्याइतकीच मीही वाट पाहते आहे.

तोवर तू ये. डिसेंबरपर्यंत थांबू नकोस. खोली एकच आहे, तुला जमिनीवर झोपावं लागेल. डेट्रॉइटच्या विमानतळावरून इथे बस येते. थंडी सुरू झाली आहे, जाड कोट आण.

कृष्णामावशी